सातवी पाठ

शरदचंद्र देवस्थळींनी रेल्वेच्या सिग्नल खात्यातली सगळी नोकरी देखरेख करण्यात घालवली होती. निवृत्तीनंतरही त्यांचं ठाम मत होतं, की जगात काम करणारे पुष्कळ आहेत, वानवा आहे ती देखरेख करणाऱ्यांची. त्यामुळे त्यांच्या पत्नी विद्युलताबाई पुण्याला भाचीच्या साखरपुड्याला निघाल्या आणि जाताना म्हणाल्या, “गच्चीवर नुसतं लक्ष ठेवा, हात कशालाही लावू नका,” तेव्हा त्यांना ते किंचित लागलं. लक्ष ठेवण्याला ‘नुसतं’ म्हणणाऱ्या माणसाला लक्ष ठेवणं म्हणजे काय ते कळलेलंच नसतं, असं ते रिकाम्या घराला म्हणाले.

गच्चीवर वाळत होत्या सात पाठी. माणसांच्या, म्हणजे बायकांच्या, मातीच्या.

याचा खुलासा करायला हवा. विद्युलताबाई शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाल्या आणि मातीच्या शिल्पांकडे वळल्या. तमिळ मुलखात, वेस्ट मांबलममधल्या त्यांच्या इमारतीत सगळ्यांची समजूत होती की बाई कपबश्या करतात. दोन-तीन जणींनी लोणच्याच्या बरण्यांची मागणीही नोंदवून ठेवली होती. पण बाईंच्या डोक्यात निराळंच शिजत होतं. घरातली बाई घरातल्यांनी पाहिलेली असते ती पाठीमागून, असं त्यांचं म्हणणं. दिवसभर ती ओट्याकडे तोंड करून उभी. वळते ती “अजून वाढू का?” एवढं विचारायला, आणि तेव्हा समोरचा पानात बघत असतो. मग बाईची शिल्पं करायची तर चेहऱ्याची कशाला करायची? मानेपासून कमरेपर्यंत नुसत्या पाठी करायच्या, खोचलेल्या पदरासकट, अंबाड्यासकट, अगदी अंगाच्या मापाच्या. नुंगमबाक्कमच्या एका कलादालनानं या कल्पनेवर त्यांना पहिलंवहिलं स्वतंत्र प्रदर्शन दिलं, जूनमध्ये. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांना सफरचंदं काढायला शिकवलेल्या बाईला साठीच्या उंबरठ्यावर हे मिळालं होतं आणि त्या अक्षरशः हवेत होत्या.

पाठी मिळवणं अवघड जाईल असं शरदचंद्रांना वाटलं होतं. पण इमारतीतल्या बायका रांग लावून आल्या. एकेकीनं ओट्यापाशी उभं राहायचं, साडीवरून पातळ प्लास्टिक गुंडाळायचं, त्यावर हाड मोडल्यावर बांधतात त्या प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या चढवायच्या, घट्ट झाल्या की अख्खं कवच काढून घ्यायचं. हा झाला साचा. त्यात माती दाबून बसवली की पाठ तयार. “अर्धा तास मला कुणी ‘कॉफी कुठाय’ म्हणून विचारलं नाही,” असं म्हणून समोरच्या सरोजा मामींनी पुन्हा एकदा प्लास्टर करून घ्यायची इच्छा दाखवली. सोसायटीचे सेक्रेटरी शेषगिरी यांनी मात्र फक्त एकच प्रश्न विचारला, “मॅडम, पाठीमागचं झालं. समोरचं केव्हा करणार?”

सहा पाठी इमारतीतल्या बायकांच्या आणि सातवी खुद्द विद्युलताबाईंची. तिच्यावर त्यांचा विशेष जीव होता. प्रदर्शन तिच्यावर संपायचं होतं.

भट्टीचा प्रश्न शरदचंद्रांनी आपल्याकडे घेतला होता. गच्चीवर विजेची भट्टी बसवायची तर जादा वीजभार मंजूर करून घ्यावा लागतो. त्यासाठी ते वीज कार्यालयात गेले. खिडकीतल्या माणसाच्या यादीत घर होतं, दुकान होतं, देऊळ होतं, पिठाची गिरणी होती. कला नव्हती. “भट्टीतून माल काय निघणार?” त्यानं सहानुभूतीनं विचारलं. शरदचंद्रांनी तीस वर्षांच्या तमिळच्या जोरावर सांगितलं, “बायकांच्या पाठी.” त्या माणसानं शेजारच्या टेबलावरच्याला बोलावलं, त्यानं आणखी एकाला, आणि मग तिघांनी मिळून शरदचंद्रांना बसायला खुर्ची आणि प्यायला पाणी दिलं. मंजुरी मिळाली नाही. शेवटी ओरगडमकडच्या एका टाइल्सच्या कारखानदारानं आपली भट्टी वापरू द्यायचं कबूल केलं, तेही बाईंच्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या ओळखीनं. या यशात देखरेखीचा वाटा किती, हा वादाचा विषय आहे.

तर बाई पुण्याला गेल्या. पाठी गच्चीवर जिन्याच्या खोलीच्या सावलीत, प्लास्टिकखाली. दुसऱ्याच दिवशी सरोजा मामी वडामचं पीठ घेऊन वर आल्या. वडाम म्हणजे आपल्या कुरडयांची तिकडची बहीण. एप्रिलच्या उन्हात वेस्ट मांबलमची एकही गच्ची वडामाविना राहत नाही, आणि गच्चीवर जे काही येतं ते उन्हासाठीच येतं अशी तिथल्या समस्त मामींची श्रद्धा आहे. सावलीत झाकून ठेवलेल्या पाठी पाहून मामींना गहिवरून आलं.

“सार, या बिचाऱ्या अशा कशा वाळणार? बुरशी येईल,” त्या म्हणाल्या. “उन्हात ठेवल्या तर संध्याकाळपर्यंत खडखडीत. निदान लता मॅडमची तरी ठेवू या. त्या आल्या की किती खूश होतील!”

शरदचंद्रांनी क्षणभर विचार केला. आणि इथे मान्य करायला हवं, की त्यांना ते पटलं. ऊन आहे, ओली वस्तू आहे, मध्ये प्लास्टिक कशाला? “सेरी, चालेल,” ते म्हणाले, आणि मामींना सातवी पाठ उन्हात न्यायला मार्गदर्शनही केलं. मामींनी ती धुतलेल्या पांढऱ्या पंच्यावर ठेवली. तासाभरानं वडाम उलटतात त्या मायेनं उलटली.

तीन वाजता मानेपासून कमरेपर्यंत एक सरळ भेग गेली. इतकी सरळ, की कुणी पट्टी लावून ओढली असती तरी तितकी जमली नसती.

मामी रडू लागल्या. मग डोळे पुसून त्यांनी उरलेलं वडामचं पीठ घेतलं आणि भेग लिंपून टाकली. पाठ पुन्हा सांधली गेली, इतकंच नव्हे तर तिला जिऱ्याचा सुरेख वासही येऊ लागला. दोघांनी सुटकेचा निःश्वास टाकला. संध्याकाळी कावळे आले आणि त्यांनी तो सांधा मानेकडून सुरुवात करून पद्धतशीर खाऊन टाकला. पाठीचे दोन तुकडे झाले, आणि मामी आठ दिवस बहिणीकडे राहायला निघून गेल्या.

शरदचंद्रांना त्या रात्री जेवण गेलं नाही. नऊ वाजता विद्युलताबाईंचा फोन आला. “माझ्या पाठी कशा आहेत?” त्यांनी विचारलं, आणि त्यांच्या आवाजात असं काही होतं की शरदचंद्र म्हणाले, “उत्तम. अगदी खुशीत आहेत.” बोलून गेल्यावर त्यांना कळलं की आता परतीची वाट बंद झाली.

सकाळी ते खालच्या मजल्यावरच्या मानाजीरावांकडे गेले. मानाजीराव तंजावरचे मराठी, बँकेतून निवृत्त. त्यांचे पूर्वज राजांबरोबर तिकडे उतरले होते, त्यामुळे तीस वर्षांपूर्वी आलेल्या शरदचंद्रांना ते अजून पाहुणा समजत. त्यांच्या पत्नी राजसबाई. त्यांचीही पाठ वर वाळत होती.

“पर्वाइल्लै, कांहीं हरकत नाहीं, शरदराव,” सगळं ऐकून मानाजीराव म्हणाले. “तुम्ही भिऊं नका. साचा आहे कीं नाहीं? त्यांत पुन्हां माती दाबूं. वहिनींस ठाऊक पडणार नाहीं.”

खरंच की! साचा जिन्याच्या खोलीत जसाच्या तसा होता. दोघे तो घरी आणायला निघाले. मानाजीराव पुढे, शरदचंद्र मागे. आता उतरत्या जिन्यावर वस्तू नेताना कुणी तरी सूचना द्याव्या लागतात. वळणावर शरदचंद्रांनी “डावीकडे घ्या, डावीकडे!” असं म्हणत दिशा नीट कळावी म्हणून हात केला. तोच हात साच्याला लावलेला होता. साचा पहिल्या मजल्यापर्यंत एकटाच गेला.

मानाजीरावांनी खाली उतरून दोन तुकडे एकमेकांना लावून पाहिले. “ऐयो,” ते म्हणाले. “आतां पाठच नवी पाहिजे.”

पण पाठ आणायची कुठून? राजसबाईंची तर वर होतीच. एकाच बाईच्या दोन पाठी विद्युलताबाई लगेच ओळखणार. इमारतीतल्या इतर बायकांना विचारावं तर दुपारच्या आत ते पुण्यापर्यंत पोचणार. राजसबाईंनी शरदचंद्रांना आपादमस्तक पाहिलं. मग त्या म्हणाल्या, “उंची जुळत्ये. आंगही तेवढेंच आहे. तुम्हीच का उभे राहत नाहीं?”

पुढचा प्रसंग देवस्थळी घराण्याच्या कोणत्याही अधिकृत इतिहासात येणार नाही. विद्युलताबाईंची जुनी इरकल शरदचंद्रांना नेसवण्यात आली. ब्लाउज मागून बंद होईना, तेव्हा तो नाडीनं बांधून वर पदर घेतला. टकलाचा प्रश्न राजसबाईंच्या गंगावनानं सोडवला. ते त्यांच्या सासूबाईंचं होतं आणि डांबराच्या गोळ्यांत ठेवलेलं होतं. रेल्वेच्या एका माजी वरिष्ठ अधिकाऱ्याच्या डोक्यावर आधी चिकटपट्टी आणि मग अंबाडा बसला. पदर खोचला. “आतां उगी राहा,” असं म्हणून राजसबाईंनी त्यांना देवस्थळींच्याच ओट्यापाशी उभं केलं, आणि नवरा-बायकोंनी मिळून पाठीवर पट्ट्या चढवल्या.

प्लास्टर घट्ट होताना तापतं, हे शरदचंद्रांना कुणी सांगितलं नव्हतं. बाहेर एप्रिल, पाठीवर प्लास्टर, डोक्यावर सासूबाईंचं गंगावन. हलायचं नाही. समोर फक्त टाइल्सची भिंत. त्यावर एक फोडणीचा डाग होता तो त्यांनी प्रथमच पाहिला. “वाऱ्यासाठी दार तरी उघडा,” ते कण्हत म्हणाले. मानाजीरावांनी दार उघडलं, आणि उघड्या दारातून शेषगिरी आत आले.

“वणक्कम मॅडम!” ओट्यापाशी पाठ पाहताच ते म्हणाले. “पुण्याहून आलात वाटतं? नाही नाही, वळू नका, प्लास्टर ओलं आहे, मला सगळं ठाऊक आहे.”

“मॅडमचा घसा बसला आहे,” राजसबाई चटकन म्हणाल्या. “बोलायास होत नाहीं.”

“मग फारच छान. म्हणजे, वाईट झालं. मॅडम, तळमजल्याचा पाइप प्लास्टरनं तुंबला आहे. खरं तर हे सारना सांगायला हवं, पण सारना काही सांगितलं की ते उलट आपल्यालाच समजावून सांगतात. गेल्या वर्षी मोटर बंद पडली तर त्यांनी मला मोटरचा इतिहास सांगितला. दुरुस्तीवाल्याला फोन शेवटी तुम्हीच केलात. आम्ही कमिटीत नेहमी म्हणतो, सार माणूस चांगला, पण घर चालवतात मॅडम. सार नुसतं बघतात.”

पाठीतून एक हुंकार निघाला. शेषगिरींना तो संमतीचा वाटला. “तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही रोजच भोगताय,” ते हळुवारपणे म्हणाले आणि गेले. शरदचंद्रांकडे निदान बारा मुद्द्यांचं उत्तर तयार होतं. पण वळता येत नव्हतं, आणि वळले असते तर उत्तर आणखीच अवघड झालं असतं. एवढा अपमान पाठीवर घेऊन गप्प उभं राहण्याची त्यांची ही पहिलीच वेळ होती.

साचा मात्र झकास निघाला. माती दाबली, पाठ काढली, प्लास्टिकखाली सातव्या जागी नेऊन ठेवली. फुटलेल्या तुकड्यांची विल्हेवाट मानाजीरावांनी लावली. विद्युलताबाई आल्या त्या पिशवी दारात टाकून तडक गच्चीवर गेल्या. एकेक प्लास्टिक उचलून त्यांनी पाहिलं. सातव्या पाठीपाशी त्या जरा जास्त वेळ थांबल्या, तिच्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “बरी वाळतेय.” जिन्याआड उभ्या असलेल्या शरदचंद्रांनी त्या दिवशी दोन वेळा पोटभर भात खाल्ला.

एक आशा उरली होती. ओरगडमच्या भट्टीत ती पाठ फुटली असती, तर सगळंच मिटलं असतं. माती जाड बसली होती, आत हवा राहिली असेल, फुटायला हरकत काहीच नव्हती. गादीत गुंडाळून पाठी टेम्पोनं गेल्या त्या दिवशी शरदचंद्रांनी अयोध्या मंडपापाशी थांबून देवाला तशी विनंतीही केली. भट्टी उघडली. राजसबाईंच्या पाठीला केसाएवढी चीर गेली होती, मामींच्या अंबाड्याचा टवका उडाला होता. सातवी पाठ अखंड आणि तांबूस, सगळ्यांत उजवी निघाली होती.

प्रदर्शनाला सगळी इमारत लोटली. विद्युलताबाई इरकल नेसल्या होत्या, तीच. ती पाहून शरदचंद्रांना घाम फुटला. आणि बाईंनी आल्याआल्या जाहीर केलं, की शिल्पांवर नावं मुद्दाम लावलेली नाहीत, तेव्हा घरच्यांनी आपापल्या माणसापाशी उभं राहावं. पुरुषमंडळी एकमेकांकडे पाहू लागली. शेषगिरी दोन फेऱ्या मारून दाराजवळ कॉफीच्या टेबलापाशी उभे राहिले आणि तिथेच राहिले. मानाजीराव मोठ्या आत्मविश्वासानं जाऊन सरोजा मामींच्या पाठीशेजारी उभे राहिले, तेव्हा राजसबाईंनी सगळ्यांदेखत त्यांचा दंड धरून त्यांना हलवलं. “चाळीस वर्षें झालीं,” एवढंच त्या म्हणाल्या. शरदचंद्र निमूटपणे सातव्या पाठीपाशी गेले. तिथे तरी ते चुकणं शक्य नव्हतं.

एका कला मासिकाची मुलगी वही सरसावून तिथे उभी होती. “हे शिल्प बघा,” ती जमलेल्या लोकांना सांगत होती. “बाकीच्या पाठी कामात आहेत. हिच्यात शतकानुशतकांची शरणागती आहे. हा बाक बघा. पिढ्यान्‌पिढ्यांचं ओझं वाहिल्याशिवाय असा बाक येत नाही.” शरदचंद्रांना तो बाक आरामखुर्चीत वर्तमानपत्र वाचून आला होता, हे सांगण्याची ती जागा नव्हती. एका महिला महाविद्यालयाच्या प्राचार्या डोळे पुसत पुढे आल्या. हे शिल्प त्यांना आपल्या प्रवेशद्वारात हवं होतं, कायमचं. “रोज आत येणाऱ्या प्रत्येक मुलीला आपली आजी इथे भेटेल,” त्या म्हणाल्या.

“न्या की,” विद्युलताबाई गोड हसून म्हणाल्या, आणि नवऱ्याला खांबामागे घेऊन गेल्या.

“अगं, ती पाठ…” शरदचंद्रांनी सुरुवात केली. “म्हणजे झालं काय, मामींनी…”

“तुमची आहे. ठाऊक आहे.”

“कधी कळलं?”

“प्लास्टिक उचललं तेव्हाच. अहो, तुमची पाठ मी ओळखणार नाही? तीस वर्षं काही विचारलं की ‘अं?’ म्हणते ती हीच की. तुम्ही रागावलात, तुम्हाला पटलं, तुम्ही ऐकलंच नाहीत, हे सगळं मी पाठीवरूनच ओळखत आले.”

“मग बोलली का नाहीस? एवढं तुझं प्रदर्शन…”

“आधी रडले. गच्चीवरच, तुम्ही खाली गेल्यावर. मग तिच्याकडे बघत बसले आणि वाटलं, बरोबर आहे की. ओट्याकडे तोंड करून मी उभी, आणि माझ्याकडे पाठ करून तुम्ही बसलेले. माझ्या प्रदर्शनात हेच राहिलं होतं. आता एकच सांगा. माझी पाठ तुमच्यासमोर तीस वर्षं आहे. मोडली ती तुमच्या हातून. माझा कुठला खांदा उतरलेला होता?”

शरदचंद्रांनी बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यावर उत्तर नव्हतं. त्यांनी आठवायचा प्रयत्न केला. ओटा आठवला, खिडकी आठवली, भिंतीवरचा फोडणीचा डागही आठवला. मधली बाई काही केल्या आठवेना. “उजवा,” ते अंदाजानं म्हणाले.

विद्युलताबाईंनी मान हलवली, हो अशी नाही आणि नाही अशीही नाही. प्राचार्या बोलावत होत्या, तिकडे त्या चालू लागल्या. आणि दालनाच्या लख्ख उजेडात शरदचंद्रांनी त्यांच्याकडे पाहिलं. डावा. डावा खांदा चांगला दोन बोटं खाली होता. टँकर यायचे त्या सालांमध्ये बाईंनी तिसऱ्या मजल्यापर्यंत घागरी वाहिल्या होत्या, डाव्या बाजूनं, कारण उजव्या हातात शाळेच्या वह्या असत. शरदचंद्र तेव्हा खाली रांगेवर देखरेख करत होते. त्यांना लाज वाटली, अगदी कानशिलं गरम होईपर्यंत वाटली, आणि इतकी वर्षं हिनं एका शब्दानं सांगितलं कसं नाही म्हणून तिचा रागही आला.

“अगं, डावा!” ते ओरडले. सगळं दालन वळून बघू लागलं. मासिकाच्या मुलीची वही खाली पडली. शरदचंद्र शेषगिरींना बाजूला सारून, प्राचार्यांना ओलांडून धावत निघाले. “थांब! डावा! डावा खांदा!”

विद्युलताबाई थांबल्या. वळल्या मात्र नाहीत.

“हो,” त्या म्हणाल्या. “आता नीट बघून घ्या. नवी तुम्हाला करायची आहे.”